सुपारीएवढी गाठ

जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला. लागला तेव्हा जिवंत होता. लांबी सुमारे बेचाळीस फूट, वजन वीस टनांच्या घरात. गावकरी आणि वनखात्याची माणसं त्याला खोल पाण्यात परत लोटायला तासन्‌तास झटली. पण पाण्याचा आधार सुटला की एवढ्या देहाला स्वतःचंच वजन पेलत नाही. छाती दबते, श्वास कोंडतो. तो वाचला नाही.

बेचाळीस फूट हा आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाला. खरं तर निळ्या देवमाशांच्या हिशेबात हे अजून वाढीचंच वय. पूर्ण वाढलेला याच्या दुप्पट लांब भरतो. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून दुसराच आकडा बसला आहे. दूध पिण्याच्या वयात या देवमाशाचं पिल्लू दिवसाला साधारण नव्वद किलोने वाढतं. म्हणजे दर चोवीस तासांत दीड माणूस. हे मांस बाहेरून लिंपलं जात नाही. आतली एक पेशी फुटून दोन होतात, दोनाच्या चार होतात, तेव्हा ते उभं राहतं. देवमाशाच्या पेशी आपल्यापेक्षा फारशा मोठ्या नसतात, फक्त संख्येने प्रचंड असतात. शंभर टनांवर गेलेल्या देवमाशात आपल्या हजारपटीहून अधिक पेशी असतात.

आणि पेशी फुटताना चूक होऊ शकते. चुकीवर चूक साठत गेली की कर्करोग होतो. मग ज्याच्या अंगात हजारपट पेशी, त्याला हजारपट धोका हवा. मोठा होण्याआधीच देवमासा गाठींनी मरायला हवा. तसं होत नाही. रिचर्ड पेटो या इंग्लिश संशोधकाने १९७७ साली उंदीर आणि माणूस शेजारी ठेवून हाच प्रश्न विचारला होता: माणसात उंदराच्या हजारपट पेशी, आयुष्य तीसपट, तरी माणसाला उंदरापेक्षा अफाट जास्त कर्करोग का होत नाही? या कोड्याला आज पेटोचंच नाव आहे.

कोडं सुटायला आधी आपल्याच अंगातली मोजदाद करावी लागते.

सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लाख कोटी पेशी असतात, साठ किलोच्या बाईच्या शरीरात २८ लाख कोटी, दहा वर्षांच्या मुलात १७ लाख कोटी. यातल्या बहुतेक रक्तातल्या. या पेशी कायमच्या नसतात. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकते, आतड्याचं आतलं अस्तर तर तीन-पाच दिवसांत बदलतं. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३,००० कोटी पेशी जुन्या जाऊन नव्या येतात. सेकंदाला अडतीस लाख. २०११ च्या जनगणनेत आमच्या अख्ख्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या भरली होती २६ लाख ३४ हजार. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आणि कर्जतपासून पोलादपूरपर्यंत जेवढी माणसं, त्यांच्या जवळजवळ दीडपट पेशी तुमच्या शरीरात दर सेकंदाला जन्माला येतात. झोपेतसुद्धा.

यातली प्रत्येक पेशी फुटण्याआधी आपली सगळी पोथी नकलून काढते. पोथी म्हणजे डीएनए. लिपीत अक्षरं चारच, पण मजकूर सुमारे ६०० कोटी अक्षरांचा. हा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून मी तो तांदळात मोजतो. एक अक्षर म्हणजे एक दाणा. किलोभर तांदळात साधारण पन्नास हजार दाणे धरले तर ६०० कोटी दाण्यांचे होतात १२० टन. दहा टनांचे बारा ट्रक. आता हे बारा ट्रक खळ्यात ओतायचे आणि दाण्याशेजारी दाणा लावत तसाच्या तसा दुसरा ढीग उभा करायचा, ओळीतली जागा न चुकवता. पेशी हे काम सुमारे आठ तासांत उरकते, आणि तेही मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढ्या केंद्रकात. तिथे दोन मीटर लांबीचा धागा गुंडाळलेला असतो.

नक्कल करणारं प्रथिन सेकंदाला सुमारे पन्नास अक्षरं लिहितं. एकटंच बसलं असतं तर पोथी पुरी व्हायला पावणेचार वर्षं लागली असती. म्हणून हजारो ठिकाणी एकाच वेळी लेखन सुरू होतं.

पण मला वेगापेक्षा अचूकता थक्क करते. हे प्रथिन स्वतःच्या बळावर लाखात एक चूक करतं. चांगलाच लेखनिक म्हणायचा, तरी ६०० कोटींत साठ हजार चुका झाल्या. त्या त्याला परवडत नाहीत. म्हणून लिहिता लिहिताच ते मागे वळून पाहतं, चुकीचं अक्षर खोडतं, पुन्हा लिहितं; चुका काही शेकड्यांवर येतात. मग मागून दुरुस्तीवाल्या प्रथिनांची वेगळी टोळी फिरते. तिच्या नजरेतून सुटून उरते ती सरासरी एखादी चूक. बारा ट्रक तांदळात एखादा दाणा.

मात्र रोज ३३,००० कोटी नव्या पेशी म्हटल्यावर एखादी चूकही थोडी नव्हे. ढोबळ हिशेब मांडला तर पोथीतलं प्रत्येक अक्षर तुमच्या शरीरात कुठे ना कुठे रोज अनेकदा चुकतं. यातल्या बहुतेक चुका निरर्थक जागी पडतात, किंवा ती पेशीच चार दिवसांत झडून जाते.

नक्कल झाली तरी वाटणी राहतेच. पोथी ४६ तुकड्यांत बांधलेली असते, त्यांना आपण गुणसूत्रं म्हणतो. नक्कल झाल्यावर त्यांचे जोड जोड होतात आणि पेशीच्या दोन टोकांकडून येणारे बारीक तंतू प्रत्येक जोडातला एकेक भाग आपल्याकडे ओढून घेतात. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून हे नाट्य पाहिलं आणि १८८२ साली सविस्तर लिहून ठेवलं. वाटणी चुकली तर काय होतं, हे मात्र समुद्राने शिकवलं. ओहोटीला खडकांच्या कपारीत अंगभर काट्यांचा एक गोळा बसलेला असतो, सी अर्चिन. त्याची अंडी पारदर्शक, समुद्राच्या पाण्यातच फळणारी. टेओडोर बोव्हेरीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा अंड्यात एकाऐवजी दोन शुक्राणू शिरू दिले. ओढणारी टोकं दोनाची चार झाली, गुणसूत्रं कशीही वाटली गेली आणि गर्भ विद्रूप होऊन मेले. त्यावरून बोव्हेरीने १९१४ साली मांडलं की, गाठ ही वाटणी बिघडलेल्या एका पेशीपासूनच सुरू होत असावी. तेव्हा हे तपासायची साधनं नव्हती. आज घट्ट गाठींच्या कर्करोगांत दहापैकी नऊ वेळा गुणसूत्रांची संख्या बिघडलेली सापडते.

त्याच सी अर्चिनच्या अंड्यांवर टिम हंट १९८२ साली अमेरिकेत वुड्स होलच्या किनाऱ्यावर काम करत होता. त्याला एक प्रथिन दिसलं: पेशी फुटायच्या आधी ते भरत जातं, फुटताच एकदम ओसरतं, पुन्हा भरतं. भरती-ओहोटीसारखं. पेशीने कधी फुटायचं ते सांगणारं हे घड्याळ. या शोधात हंटबरोबर लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांचाही वाटा होता. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

घड्याळाला थांबवणारे पहारेकरीही आहेत. त्यांतला सर्वांत नावाजलेला पी-५३. डीएनए तुटलेला दिसला की तो पेशीला थांबवतो, दुरुस्ती होऊ देतो; दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतो. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हाच पहारेकरी बिघडलेला असतो. एका चुकीने कर्करोग होत नाही. पुढे ढकलणारं जनुक अडकून बसावं लागतं, थांबवणारं निकामी व्हावं लागतं, दुरुस्तीवाले कमी पडावे लागतात, आणि हे सगळं एकाच पेशीच्या वंशात. म्हणून त्याला वर्षं लागतात, म्हणून तो बहुधा उतारवयात येतो. भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. आयुष्यभराचा हिशेब काढला तर नऊ भारतीयांत एकाला तो गाठतो. हा आकडा मी कमी लेखत नाही. पण सेकंदाला अडतीस लाख पेशी सत्तर वर्षं चालू, आणि नवांतले आठ सुटतात, याचं मला जास्त नवल वाटतं.

आता दुपटीचा हिशेब. एक पेशी दहा वेळा दुप्पट झाली की १,०२४ होतात. वीस वेळा झाली की दहा लाखांवर जातात, तीस वेळा झाली की १०७ कोटींवर. पंचेचाळिसाव्या दुपटीला आकडा होतो ३५ लाख कोटी. आईच्या पोटातल्या एका पेशीपासून अख्खा माणूस उभा करायला पंचेचाळीस दुपटी पुरतात.

गाठीचं गणितही हेच. सुमारे शंभर कोटी पेशी जमल्या की गाठ टपोऱ्या हरभऱ्याएवढी होते, तेव्हा कुठे ती हाताला लागते. म्हणजे तीस दुपटी होऊन गेलेल्या असतात. पुढच्या तीन दुपटींत ती सुपारीएवढी होते. आणखी सातांत किलोभराची, सोललेल्या नारळाएवढी; तिथवर बहुधा शरीर टिकत नाही. डॉक्टर विचारतात, गाठ केव्हापासून आहे? घरचे सांगतात, महिना झाला असेल. शंभर दिवसांना एक दुप्पट धरली, तर हरभरा व्हायलाच आठ वर्षं गेलेली असतात. आणि हरभऱ्यापासून नारळापर्यंत तीन वर्षंही लागत नाहीत. गाठ 'अचानक' वाढली असं आपण म्हणतो. तिचा वेग तोच होता, आपल्याला दिसण्याइतकी ती आता झाली.

या आठ वर्षांत शोधायला गेलं तर काय होतं, हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायांनी दाखवून दिलं आहे. तिथल्या गावांतल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायांना १९९९ पासूनच्या अभ्यासात घेतलं होतं. एका गटाची गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूसाठी, एचपीव्हीसाठी, आयुष्यात फक्त एकदा तपासणी झाली. आठ वर्षांनी पाहिलं तर त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. एका तपासणीने.

सुपारीएवढी हा शब्द मी सहज वापरला नाही. आमच्या भागात गाठीचं माप सुपारीतच सांगतात, कारण सुपारी घरातली. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. चौलपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्या सुपारीच्या, पिढ्यांची शिक्षणं तिच्यावर झाली, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ती झाडं आडवी झाली तेव्हा माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी रडली. हे माहीत असूनही लिहायला हवं: सुपारी, तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा, माणसाला कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दोन दशकांपूर्वीच नोंदवलं आहे. सतत चघळली की तोंडाचं आतलं अस्तर निबर होत जातं, तोंड उघडेनासं होतं. पूजेच्या ताम्हनातली सुपारी गणपती होते. तीच गालात धरून ठेवली की पेशींना फुटायला लावत राहते.

आणि मशेरी. माझी आत्या तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची. सकाळी दातांना, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री झोप येत नाही म्हणून. गालात आतून पांढरा चट्टा आला तेव्हा तिने तिथे जास्तच मशेरी लावली, कारण तिने झोंबणं थांबायचं. वर्षभर कुणी तिला तोंड उघडून दाखव म्हटलं नाही, मीही नाही. आता मला आकडा माहीत आहे. रोज वीस सिगारेटी वर्षभर ओढल्या तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीच्या पोथीत सरासरी १५० नव्या चुका पडतात आणि तोंडाच्या प्रत्येक पेशीत २३. तो अभ्यास धुराचा होता, मशेरीचा नव्हे. पण बारा ट्रकांत एखादा दाणा चुकू देणाऱ्या पेशीवर माणूस रोज आपल्या हाताने काय लादतो, ते त्यावरून कळतं.

हे सगळं काचेखाली पाहायची सोय आपल्याकडे उभी केली ती कमल रणदिवे यांनी. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली होती. पुढे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएचडी केली आणि अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. परत येऊन परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली, म्हणजे पेशी शरीराबाहेर काचेत वाढवण्याची. सीताफळाची गुणसूत्रं मोजणारी नजर स्तनाच्या गाठीकडे वळली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गाय यांच्या प्रयोगशाळेतच १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या होत्या. तिला विचारलं नव्हतं. त्याच वर्षी ती वारली. पेशी अजून जगताहेत. साधी माणसाची पेशी काचेत चाळीस ते साठ वेळा फुटते आणि थांबते, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवलं. प्रत्येक विभाजनात गुणसूत्राची टोकं थोडी झिजतात, ती झिजून संपली की वाट संपली. हेन्रिएटाच्या या पेशी, म्हणजे हेला पेशी, ही टोकं पुन्हा भरून काढतात. त्यांच्यात ४६ च्या जागी ७६ ते ८० गुणसूत्रं आहेत आणि साधारण दिवसाला एक दुप्पट चालू आहे, सत्तर वर्षांहून अधिक काळ. मालकिणीच्या दुप्पट आयुष्य तिच्या गाठीने कधीच पार केलं.

समुद्रात याहून विलक्षण घडलं आहे. आपण तिसऱ्या खातो, त्यांच्या जातकुळीतल्या शिंपल्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रक्ताचा कर्करोग पसरत होता. २०१५ साली कळलं की, तो त्या शिंपल्यांच्या स्वतःच्या पेशींचा नव्हताच. केव्हातरी एका शिंपल्याची एक पेशी बिघडली, तो मेला, आणि ती पेशी पाण्यातून दुसऱ्यात शिरून फुटत राहिली. शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर सगळीकडे तोच एक वंश. माणसाला तो लागत नाही.

पेटोच्या कोड्याचं पहिलं भरीव उत्तर हत्तीने दिलं. पी-५३ पहारेकऱ्याच्या जनुकाची माणसात एक जोडी असते. हत्तीत तशा वीस. त्यातल्या बऱ्याच अर्धवट प्रती आहेत, तरी कामी येतात. हत्तीची पेशी थोडं नुकसान होताच मरण पत्करते. देवमाशाची रीत वेगळी दिसते. उत्तर ध्रुवाकडचा बोहेड देवमासा दोनशे वर्षांवर जगतो. त्याच्या पेशी चटकन मरत नाहीत, तुटलेला डीएनए जास्त नेटका जोडतात. मोठं व्हायचं ठरलं तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परीने पहारा वाढवला. रेवदंड्याला लागलेल्या त्या जिवातही अशी लाखो वर्षांची तयारी असणार.

माणसाला तेवढा वेळ नाही, म्हणून तो प्रयोगशाळेत पहारेकरी घडवतो. परळचं ते संशोधन केंद्र या शतकाच्या सुरुवातीला खारघरला हललं. खारघर पनवेल तालुक्यातलं, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं टोक. ॲक्ट्रेक या नावाने ते आता ओळखलं जातं. तिथल्या अस्थिमज्जा रोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांच्या पोथीत मुद्दाम एक नवा मजकूर घालायचा, म्हणजे रक्ताच्या ठरावीक कर्करोगातल्या पेशी त्यांना ओळखू येतात. मग त्या काचेत कोट्यवधींनी वाढवायच्या. हे तंत्र आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून घडवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात बसतो. तोही अनेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

शेवटी सलाइनसारखी एक छोटी पिशवी रुग्णाच्या नसेत सोडतात. काही मिनिटांचं काम. बाहेर बाकावर घरचे बसलेले असतात, रिपोर्टची फाइल मांडीवर. आत टी-पेशी कर्करोगाची पेशी शोधते, तिला मारते आणि मग स्वतः फुटते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा दुपटी झाल्या की हजार.